सवलत कुणाच्या खिशात गेली?

फॅक्टरी आउटलेटचं गणित सरळ आहे. गेल्या हंगामाचा माल, उरलेले साइज, कुठे शिलाई चुकलेली. हे सगळं शहरातल्या शोरूममध्ये मांडलं तर नव्या मालाचा भाव पडतो. म्हणून कंपन्या शहराबाहेर जातात. हायवेला, डोंगराच्या पायथ्याला, जागा स्वस्त असेल तिथे. जपानमध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबाला 2000 साली असंच मोठं केंद्र उघडलं. जागा स्वस्त, म्हणून माल स्वस्त. ती सवलत गिऱ्हाइकाला मिळावीच लागते, नाहीतर तो एवढ्या लांब कशाला तंगडतोड करेल?

मुंबईतल्या पवईच्या डोंगरावर जमीन याहून कितीतरी स्वस्तात गेली. नोव्हेंबर 1986 मध्ये राज्य सरकार, त्या वेळचं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि जमीनमालकांच्या वतीने विकासक असा त्रिपक्षीय करार झाला. जमीन सुमारे 230 एकर. भाडेपट्टा 80 वर्षांचा. दर हेक्टरी 1 रुपया. म्हणजे अख्ख्या डोंगराचा हिशेब शंभराच्या नोटेत बसला आणि वर सुटे पैसे परत आले.

सरकारने हे फुकट केलं नव्हतं. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा तो काळ. मुंबईत मध्यमवर्गाला आणि त्याच्या खालच्यांना परवडणारी घरं नव्हती. म्हणून करारात अट घातली गेली की इथे घरं बांधायची ती 40 आणि 80 चौरस मीटरचीच. त्यातली 15 टक्के सरकारला द्यायची, चौरस फुटाला 135 रुपये दराने. 40 चौरस मीटर म्हणजे सुमारे 430 चौरस फूट. 135 ने गुणून बघा. अठ्ठावन्न हजार रुपयांत पवईत घर! जमिनीतली सवलत राहणाऱ्याच्या हाती पडावी, एवढीच त्या कराराची साधी, चांगली इच्छा होती. मला तो करार आजही आवडतो.

उभं काय राहिलं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. वास्तुविशारद हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांचे ग्रीक खांब, उंच मनोरे, रुंद रस्ते, झाडं. गॅलेरिया मॉल, हायको सुपरमार्केट, कॉफीची दुकानं, ब्रँडची दुकानं. आधी इथे दगडखाणी होत्या, उघडा-बोडका डोंगर होता, हे खरं. आजचा हा भाग देखणा आहे, हेही खरं. संध्याकाळी तिथे चालायला मलाही बरं वाटतं. पण देखणेपण ही करारातली अट नव्हती. अट घराच्या मापाची होती.

मेधा पाटकर आणि इतर काही जण जनहित याचिका घेऊन गेले, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. शेजारशेजारचे फ्लॅट एकत्र जोडून मोठे केले गेल्याची दखल न्यायालयाने घेतली आणि तीन हजारांहून जास्त छोटी घरं आधी बांधा, मग बाकीचं बघा, असं बजावलं. कराराला तोवर पंचवीस वर्षं उलटून गेली होती. करार झाला त्या वर्षी जन्मलेलं पोर तोवर स्वतःचं घर शोधायच्या वयाला आलं होतं. निकालानंतरही प्रकरण कोर्टात फिरत राहिलं.

आता त्या दुकानांत आत जा. काउंटरवर शर्टाच्या घड्या घालणारा मुलगा, बिल करणारी मुलगी, मागे खोकी उचलणारा. त्यांना विचारा, राहता कुठे? बदलापूर, टिटवाळा, दिवा. रात्री शटर पडलं की शेअर रिक्षाने कांजूरमार्ग आणि तिथून लोकल. जे जवळ राहतात ते फुलेनगरसारख्या वस्तीत, डोंगरउतारावर. 40 चौरस मीटरचं घर नेमकं यांच्यासाठी होतं. डोंगर स्वस्तात देताना सरकारच्या डोळ्यांसमोर हेच लोक होते, निदान कागदावर तरी. जून 2024 मध्ये, पावसाळा अगदी दारात असताना, पवईतच जयभीम नगरच्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि माणसं फुटपाथवर आली. ज्या गावात गरिबाच्या घराची अट करारात लिहिलेली होती, त्याच गावात हे घडलं. मला याचा राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

हा राग जुन्या पवईपुरता असता तर हे लिहिलं नसतं. लवासा आठवा. मुळशीतला डोंगर, वरसगाव धरणाच्या कडेची पाटबंधारे महामंडळाची जमीन, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर तळ्याकाठी रंगीत इमारती. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवलं, 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता साताऱ्यात कोयनेच्या अंगाने ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जातंय. सुरुवातीच्या आखणीतच 235 गावं, नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. आराखड्यात पर्यटन आहे. पर्यटन आलं की हॉटेलं येतात, बाजार येतो, दुकानांची रांग येते. यायला हरकत नाही. डोंगरातल्या माणसालाही कमाई हवी, पोरं मुंबईला खोकी उचलायला जाऊ नयेत असं त्यालाही वाटतं.

फक्त या वेळी हिशेब आधी मांडा. कुठली जमीन कुणाला, कोणत्या दराने, किती वर्षांसाठी. त्या दरातली सवलत कुणाला मिळणार आणि नाही मिळाली तर जमीन किती दिवसांत परत घेणार. दुकानात काम करणाऱ्यांची घरं दुकानांच्या आधी बांधून व्हावीत, आणि ती होईपर्यंत एकाही दुकानाला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये. हा कागद मराठीत, ठळक अक्षरांत, त्यातल्या प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. मोजणीवाले गावात येण्याच्या आधी.