दुप्पट म्हणे!

थांबा हो वहिनी, कपडे वाळत घालता घालता ऐका. व्हॉट्सॲपवरचा तो निरोप मीही वाचला. 'कॉलनीत चोऱ्या दुप्पट!', पुढे तीन लाल दिवे, आणि रविवारच्या सभेत म्हणे वॉचमनला काढायचा ठराव. दुप्पट म्हणजे किती, हे विचारलं का कुणी? मी सेक्रेटरींकडून तक्रारींची फाईलच मागवून घेतली. गेल्या वर्षी ४, यंदा ८. झाली दुप्पट!

आठ घरी चोरी झाली हे वाईटच, त्यात वाद नाही. पण एखाद्याच्या पोटावर पाय देण्याआधी एवढं बघा. दोन्ही वर्षं धोका अगदी सारखाच होता असं धरा. एकूण चोऱ्या १२. त्यातली कुठली गेल्या वर्षात पडली आणि कुठली यंदा, ते नाणं उडवून ठरवा. सहा-सहाच पडेल असं वाटतं ना? आठ-चार किंवा त्याहून वाकडी वाटणी शंभरात जवळजवळ ३९ वेळा पडते. कधी ह्या बाजूला, कधी त्या. वॉचमन तोच, फाटक तेच, चोरही तेच! आणि निम्म्या झाल्या असत्या ना, तर ह्याच मंडळींनी सीसीटीव्हीच्या नावानं पेढे वाटले असते.

कोपऱ्यावरच्या इंजिनीअरसाहेबांनी तर पुढचा हिशोब केलाय. कॉलनीत माणसं १२००, चोऱ्या ८, म्हणजे लाखामागे ६६७. वाचूनच छातीत धस्स होतं. लाखात माणसं मोजायची आणि आपण धड दीड हजारही नाही! माझी सगळी नोकरी सांख्यिकी खात्यात गेली. असा उघडा आकडा कुणी टेबलावर ठेवला की आमचे साहेब विचारायचे, 'ह्याचा इंटरव्हल कुठाय?' कॉन्फिडन्स इंटरव्हल हो. आठ चोऱ्या दिसल्या, तर खरा धोका वर्षाला साधारण साडेतीन ते पावणेसोळा ह्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. लाखामागे लिहायचं तर २९० ते १३१०. आता एवढ्या रुंद पट्ट्यावर कसली बातमी करता? गेल्या वर्षीच्या चारचा पट्टा एक ते सव्वादहा. दोन्ही पट्टे एकमेकांत चांगले घुसलेत. हेच आकडे शहराचे ४०० आणि ८०० असते तर मीच पहिली ओरडले असते. चारशेचा पट्टा ३६२ ते ४४१ एवढाच. तिथे दुप्पट म्हणजे खरोखर काहीतरी बिघडलंय.

काय म्हणालात? आठच्या आठ चोऱ्या मोजल्यात, मग अंदाज कसला? वहिनी, हा प्रश्न आमच्या ऑफिसात भल्याभल्यांना पडायचा. मोजणी पक्कीच आहे. पण तुम्हाला झालेल्या चोऱ्यांचा हिशोब हवाय का? तुम्हाला हवंय, की रात्री कडी लावून निजल्यावर ह्या कॉलनीत धोका किती. तो धोका डोळ्यांना दिसत नाही. वर्षाचा आकडा ही त्याची एक झलक. त्याच धोक्याचं दुसरं वर्ष ५ दाखवेल, तिसरं ११.

आणि हे सगळे पट्टे ९५ टक्क्यांचे बरं का. पण ९५ टक्के म्हणजे खरा आकडा ह्याच पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के, असं मात्र म्हणू नका हं. बोलायला सोपं, पण चूक. ह्या रीतीनं शंभर पट्टे काढले तर साधारण पंच्याण्णव खऱ्या आकड्याला धरून ठेवतात. आपला त्यातला आहे की उरलेल्या पाचातला, कुणाला ठाऊक! नेमन म्हणून पोलंडचे एक गणिती होते, त्यांनी १९३४ साली लंडनला हे मांडलं. आणि त्यांच्या हाताखाली तिथे शिकले कोण, तर आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे. पुढे ते रोमला जगाच्या अन्नधान्याचे आकडे बघायला गेले.

तुमच्या धाकट्या जाऊबाई सांगतात ना, आमच्या सोसायटीत शून्य चोऱ्या म्हणून? सांगा त्यांना, शून्य दिसलं तरी खरा धोका वर्षाला तीनपर्यंत असू शकतो. तीस-चाळीस घरांची सोसायटी, एखादं वर्ष कोरं जायला कितीसा वेळ! आणि एकच चोरी झाली तर दरडोई हिशोबात त्यांचीच सोसायटी पहिली. गावातली सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात वाईट अशा दोन्ही याद्या काढल्या तर वर चिमुकल्या वस्त्याच दिसतात, त्या ह्याचमुळे.

आता माझ्याच पट्ट्याची खोड सांगते. हा हिशोब प्रत्येक चोरी स्वतंत्र धरतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत एका रात्रीत तीन घरं फुटली, ती काय तीन वेगळ्या चोरांनी? एकच टोळी असणार. म्हणजे खरा पट्टा मी सांगितला त्याहूनही रुंद. शिवाय लाखामागे म्हणताना कुठले लाख? स्वारगेटच्या स्टँडवर पाकीट मारलं जातं ते बहुतेक प्रवाशाचं, आणि भागतात मात्र तिथे राहणाऱ्या लोकसंख्येनं. तीही २०११ च्या जनगणनेवरून पुढे ओढलेली असायची. ह्या चुका कितीही रुंद पट्ट्यानं झाकल्या जात नाहीत. दिल्लीची ती गुन्हे नोंद संस्था, एनसीआरबी, आपल्या अहवालात स्वतःच बजावते की गुन्हे वाढणं वेगळं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं वेगळं. एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा मोजतात. पण अहवालातली ती पानं वाचतंय कोण!

मग करायचं काय? फाईलीतली पाच वर्षं मी एकत्र केली: ५, ६, ३, ४, ८. बेरीज २६. ह्याचा पट्टा १७ ते ३८, म्हणजे वर्षाला साडेतीन ते साडेसात. आता कुठे बोलता येईल असं काही हातात आलं. मात्र कॉलनी पाच वर्षं तीच राहिली, हे त्यात गृहीत आहे. ती तीच राहिली नाही म्हणत समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची नावं घेणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. ते आले यंदाच्या जूनमध्ये, आणि फाईलीत तारखा लावून बघितल्या तर आठातल्या पाच चोऱ्या त्याआधीच्या आहेत. एवढ्याशा आकड्यावरून मी त्यांना निर्दोष ठरवत नाहीये, पण दोषी ठरवायलाही तो पुरत नाही.

रविवारी मी बोलणार आहे. तुम्ही नुसत्या मान डोलावू नका, हात वर करा. ठराव करायचाच असेल तर मागच्या गल्लीतल्या बंद दिव्यांचा करू; तिथे काळोख आहे हे सांगायला कुठला पट्टा लागत नाही.

आणि हो, भावजींची सायकल गेली होती ना मार्चमध्ये? तक्रार दिलीत? नाही ना! म्हणजे ती फाईलीतही नाही आणि चौकीतही नाही. आजच नोंदवून या. आठाचे नऊ झाले की ग्रुपवर पुन्हा लाल दिवे लागतील, लागू देत.