परदेशी दोस्ताशी बोलताना घ्यावयाची खबरदारी (फक्त यवतमाळ जिल्ह्यासाठी)

समजा, तुम्ही यवतमाळात बसून जर्मन शिकताय आणि सरावाला तिकडचा एक विद्यार्थी मिळालाय. आधी वेळ ठरवा. उन्हाळ्यात आपण त्याच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. ‘संध्याकाळी येतो’ म्हणून रात्री नऊला उगवण्याचं आपलं वेगळं गणित पहिल्याच दिवशी काढू नये.

फोन माजघरात लावू नये. लावलाच तर मागून आजी म्हणणारच, “त्याले इचार, जेवला का म्हणून.” विचारा, सुटका नाही. तो सांगेल की रात्री ते बहुधा चूल पेटवत नाहीत, पाव आणि चीज खातात. “बाप्पा! घरात कोणी बिमार हाय का?” याचं जर्मन भाषांतर करू नये.

सांबारवडीची कृती सांगण्याआधी सांबार म्हणजे कोथिंबीर, हे स्पष्ट करा. नाहीतर तो इडलीपाशी जाऊन पोचेल. यात त्याचा दोष नाही. पुण्यात भाजीवालीकडे दहा रुपयांचा सांबार मागणाऱ्या आपल्या पोरांनाही ती उडप्याच्या हॉटेलचा रस्ता दाखवते.

खरी परीक्षा पोळ्याची. आदल्या दिवशी खांदशेकणी, बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि उद्या जेवायला यायचं आवतण त्याच्या कानाशी द्यायचं, इथपर्यंत तुम्ही रंगात येऊन सांगाल. मग तो वहीतून मान वर काढून विचारेल, “आणि माणसांना किती दिवस आधी कळवता?” तुम्हाला आठवेल, परवाच मामा चौघांना घेऊन न सांगता आला होता आणि कणीक पुन्हा भिजवावी लागली होती. म्हणजे रीतसर आमंत्रण फक्त बैलाला. इथे रेंज गेल्याचं निमित्त करावं.

कधीतरी तो इंटरनेटवर यवतमाळ शोधून येईल. अवनी वाघिणीबद्दल विचारेल. 2018 साली तिला गोळी घातली ते सांगा, आणि वाघ आपल्या अंगणात येत नाही हे सांगताना आवाजात किंचित खंत असू द्या. मग तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल विचारेल. तिथे रेंज घालवू नका. आकडेही वाचून दाखवू नका. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सांभाळणारी ही बाई लेखकांसमोर उभी राहून बोलली. एवढं सांगा आणि तो गप्प बसला तर बसू द्या.

पुढच्या वेळी आजीच फोन हातात घेऊन त्याला पोळ्याला बोलावेल. तो लगेच तारीख मागेल. श्रावणातली अमावास्या म्हणून त्याचं भागणार नाही, तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आणा. तुम्ही पानं उलटत असताना आजी म्हणेल, “त्याले म्हना, एक दिस आंधीच ये. खांदशेकनीले.”