आप्पांचे अ‍ॅव्हरेज

तापी-गोमाईच्या संगमाजवळील ज्या टेकाडात १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन करून ताम्रपाषाणयुगापर्यंतच्या वस्तीचे थर क्रमवार लावून दाखविले, त्याच प्रकाशा गावात आप्पांच्या पिकअपचे अ‍ॅव्हरेज कोणत्या थरात गाडले गेले याचा थांग अद्याप कोणाला लागलेला नाही. आप्पा हे विशेषनाम मानू नये. ज्याच्या दारी, हप्ते बाकी असतील तरी, एक पिकअप उभी आहे, जी हंगामात मिरची, पपई आणि केळी वाहते व हंगाम सरल्यावर केवळ मालकाची प्रतिष्ठा वाहते, आणि ज्याला रामरामाच्या उत्तरादाखल “तुमची लिटरला किती देते?” असे विचारण्याची सवय जडली आहे, असा शहादा तालुक्यातील प्रत्येक गृहस्थ आप्पाच होय.

आप्पांची फिर्याद थोडक्यात अशी, की नवी असताना लिटरला १४ देणारी गाडी कोणतेही सबळ कारण न दाखविता साडेदहावर उतरली. या तफावतीची तहकीकात त्यांनी ज्या निष्ठेने चालविली आहे, ती निष्ठा एखाद्या फौजदाराने दाखविली असती तर तालुक्यात चोरी उरली नसती. पहिला संशय अर्थातच पंपावर. ग्राहकाने मागितल्यास पंपवाल्याला पाच लिटरच्या मुद्रांकित मापात डिझेल मोजून दाखवावे लागते, हा कायदा आप्पांना मुखोद्गत आहे. त्यामुळे मागे गाड्यांची रांग तिष्ठत असताना ते माप मागवितात, घनतेचा आकडा वहीत टिपून घेतात, आणि सर्व काही नियमानुसार निघाले म्हणजे “हल्ली चोरी फार शिस्तीत होते,” असा निष्कर्ष काढून निघून जातात. त्यानंतर काही काळ ते सीमेपलीकडे निझरच्या बाजूस जाऊन गुजरातचे स्वस्त डिझेल भरीत. त्यात लिटरमागे वाचलेल्या रुपयांचा जमाखर्च वहीत लख्ख आहे. जाण्यायेण्यात जळालेल्या डिझेलला मात्र त्या वहीत खाते नाही.

पंप निर्दोष सुटल्यावर ड्रायव्हरची जबानी झाली. “डिझेल पितंय कोण, गाडी का तू?” या प्रश्नाला त्या पोराने “आप्पा, मी तर चहा बी तुमच्याच पैशानं पितो,” असे इतके निरागस उत्तर दिले, की आप्पांनी त्याच क्षणी टाकीला कुलूप बसविले आणि किल्ली स्वतःच्या करगोट्यात अडकविली. अ‍ॅव्हरेज वाढले नाही. एवढेच झाले, की वाटेत डिझेल संपले म्हणजे ड्रायव्हरबरोबर आप्पांनाही नेणे प्राप्त झाले.

मग मुकदमा फिटरच्या दरबारात दाखल झाला. फिटर हा मितभाषी प्राणी. त्याने एअर फिल्टर झटकला, त्यातून नंदुरबारच्या मिरची पथारीवरील निम्मी धूळ बाहेर पडली. मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले, ते ब्रेक चिकटल्यामुळे फिरेना. टायरमधली हवा पाहिली, ती कमी. आणि टायरही पाहिले, ते गाडी उंच व रुबाबदार दिसावी म्हणून आप्पांनी हौसेने घातलेले, मूळ मापाहून मोठ्या घेराचे. मोठे चाक एका फेऱ्यात अधिक वाट कापते आणि मीटर मात्र फेरेच मोजतो, त्यामुळे गाडी प्रत्यक्ष धावते त्याहून कमी किलोमीटर मीटरवर उमटतात, हे त्याने स्पॅनरच्या टोकाने जमिनीवर वर्तुळे काढून समजाविले. आप्पांनी सर्व दुरुस्त्या मंजूर केल्या, टायर बदलण्याची तेवढी नामंजूर केली. गाडी बारावर आली. उरलेल्या दोहोंचा तपास चालू आहे.

त्या दोहोंचा पत्ता गावात सर्वांना ठाऊक आहे; अनभिज्ञ आहेत ते एकटे आप्पाच. पहाटे मिरचीची पोती भरून नंदुरबारास निघालेली गाडी चौफुलीवर चालू अवस्थेत उभी राहते, कारण तेथे आप्पांना डिझेलच्या भाववाढीवर बोलायचे असते. दशक्रियेसाठी संगमावर आलेल्या परगावच्या मंडळींना घाटापर्यंत सोडून ती मागे फिरते. धडगावच्या व्याह्यांचा निरोप आला म्हणजे आमचुराची पोती आणावयास ती चांदसैलीचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत अर्ध्या गल्लीची बायकापोरे पोहोचविते. आणि पपईच्या भाड्यात “अजून चार कॅरेट बसतील की,” असे कोणी म्हटले, की ताडपत्री केबिनच्या वर हातभर चढते आणि उरलेल्या प्रवासात इंजिन मालाइतकेच वाऱ्यालाही ओढीत नेते. यांपैकी एकाही खेपेची नोंद वहीत होत नाही. आप्पांच्या मते गाडीची फेरी म्हणजे भाड्याची फेरी. बाकीचे ‘असंच जाऊन आलो’ या सदरात मोडते, आणि असंच जाऊन येण्याला डिझेल लागते हे त्यांना कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

एकदा फिटरने मनाचा हिय्या करून म्हटले, “आप्पा, गाडीत आता काही दोष नाही. तुम्ही नाही म्हणायला शिका.” आप्पांनी शांतपणे त्याचे बिल बेबाक केले आणि दुसऱ्याच दिवशी फिटर बदलला. गाडीच्या कपाळावर काळी बाहुलीही तेव्हाच चढली.

या प्रकरणी निकाल द्यावयाचा तर असा, की चोरी झालेली नाही, यंत्र निर्दोष आहे, आणि फिर्यादी स्वतःच मुद्देमाल वाटीत हिंडत आहे. वाचकांपैकी कोणी प्रकाशाच्या चौफुलीवर अडकून पडले असेल, तर त्याने आप्पांच्या पिकअपला खुशाल हात करावा. गाडी थांबेल, वाट वाकडी करून तुमच्या दारापर्यंत येईल, आणि भाडे देऊ केल्यास आप्पांना राग येईल. फक्त आत बसल्यावर ती लिटरला किती देते, हे चुकूनही विचारू नये.