अडीच लाख कोटींची टोपी

अहो, आयबीएमचं डोकं ठिकाणावर होतं ना? रेड हॅटच्या लिनक्सचा कोड उघड्यावर पडलेला. त्याची हुबेहूब नक्कल सेंटओएस नावाने कुणालाही फुकट उतरवून घेता यायची. आणि त्या कंपनीसाठी या शंभरी ओलांडलेल्या सभ्य गृहस्थांनी 3,400 कोटी डॉलर मोजले! 2018च्या दराने अडीच लाख कोटी रुपये. बरं, घासाघीस तरी करावी. बाजारात शेअर 117 डॉलरच्या आतबाहेर, यांनी दिले 190. भाजीवाला कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट देतो म्हणून कुणी त्याची हातगाडी तराजूसकट विकत घेतं का?

पुण्यात मगरपट्ट्याला रेड हॅटचं मोठं ऑफिस आहे, त्यामुळे हे प्रकरण आपल्या दारातलंच म्हणायचं. लाल टोपी चिन्ह असलेली कंपनी विकली गेल्यावर टोपी कुणी कुणाला घातली, ही चर्चा तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर झाली नसेल तर मी नाव बदलीन.

आणि ही थेरं एकट्या आयबीएमची नव्हेत. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब घेतल्याचं जाहीर केलं, 750 कोटी डॉलरला. मायक्रोसॉफ्ट! ज्यांच्या स्टीव्ह बाल्मरने 2001मध्ये लिनक्सला चक्क कॅन्सर म्हटलं होतं. 2014मध्ये सत्या नडेलांनी पडद्यावर लाल बदाम दाखवून लिनक्सवरचं प्रेम जाहीर केलं तेव्हाच लोकांच्या पोटात गोळा आला होता. चार वर्षांनी तर जगभरातला मुक्त कोड जिथे नांदतो ते बिऱ्हाडच यांच्या नावावर. ज्यांना सहन झालं नाही ते सामानसुमान उचलून गिटलॅबकडे पळाले. गंमत अशी, की पळणाऱ्यांतल्या किती जणांच्या हे ध्यानात होतं कोण जाणे, पण गिटहबचा स्वतःचा कोड कधी उघडा नव्हताच. उघड्या कोडचं माहेरघर, आणि दार आतून बंद! गिटहबच्या मंडळींनी ॲटम नावाचा एक एडिटर हौसेने खुला केला होता. मायक्रोसॉफ्टच्या घरात आधीच दुसरा एडिटर होता, म्हणून 2022च्या डिसेंबरात ॲटमला निरोप दिला गेला. सवतीपुढे टिकाव लागतो थोडाच!

पण हे सगळं मायएसक्यूएलच्या कथेपुढे पाणचट आहे. फिनलंडच्या मायकेल विडेनियसने आपल्या थोरल्या लेकीचं, मायचं, नाव डेटाबेसला दिलं. कंपनी स्वीडनची. 2005मध्ये ओरॅकलने काय केलं, तर मायएसक्यूएल ज्याच्या जोरावर चालायचं ते इनोडीबी बनवणारी छोटी कंपनी खिशात टाकली. तेव्हाच शहाण्याने ओळखायला हवं होतं. 2008मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएलला सुमारे 100 कोटी डॉलरला घरात घेतलं. सगळे खूश, कारण सन म्हणजे भला माणूस. भल्या माणसाच्या खिशात मात्र खडखडाट. सव्वा वर्षात, एप्रिल 2009मध्ये, ओरॅकलने सनच उचललं, 740 कोटी डॉलरला, आणि लेक ज्याच्या हाती पडू नये त्याच्याच हाती पडली.

मग विडेनियस जागा झाला. सह्यांची मोहीम काढली, युरोपियन कमिशनचं दार ठोठावलं. कमिशनने महिनोन्महिने चौकशी केली आणि जानेवारी 2010मध्ये ओरॅकलला मोकळीक दिली. काही जणांनी तोंडावर विचारलं, बाबा रे, पैसे घेतलेस तेव्हा कुठे गेली होती ही तळमळ? प्रश्न रास्तच होता. पण विडेनियसही काही कमी नाही. त्याने त्याच कोडवरून नवा डेटाबेस काढला आणि त्याला धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारिया. (मुलाचं, मॅक्सचं, नाव आधीच एका डेटाबेसला देऊन झालं होतं. पुढे गरज पडली तर नातवंडांवर भिस्त.) मारियाडीबीची कंपनी 2022मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली, तिथे आपटली आणि 2024मध्ये के-वन या गुंतवणूक कंपनीने ती उचलली. दुसऱ्या लेकीची तीच गत!

सनच्या घरातलं बाकीचं चंबूगबाळंही ओरॅकलला मिळालंच. जावाचे जनक जेम्स गॉसलिंग काही महिन्यांत बाहेर पडले. ओपनऑफिसवाले 2010च्या सप्टेंबरात वेगळे निघाले आणि लिब्रेऑफिस थाटलं. आता ऐका कडी. 2023च्या जूनमध्ये रेड हॅटने आपल्या लिनक्सचा कोड ग्राहकांपुरताच देण्याचं ठरवलं, सेंटओएसला तर आधीच पोचवलं होतं. तेव्हा आयबीएमला मुक्तपणाचे धडे द्यायला कोण पुढे सरसावलं? ओरॅकल! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

आता नाक मुरडून झालं असेल तर एक विचारते. हे लोक मूर्ख आहेत का? मुळीच नाहीत. कोड फुकट आहे हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. ते पैसे मोजतात ते ग्राहकांच्या करारांचे, कोड जाणणाऱ्या माणसांचे, नावाचे आणि कॉपीराइटचे. यातली कॉपीराइट ही खरी किल्ली. जाहीर झालेली आवृत्ती कुणी परत घेऊ शकत नाही, पण सगळा कॉपीराइट किंवा परवाना बदलायचा हक्क एका कंपनीकडे असला तर पुढच्या आवृत्तीला ती वाटेल ते कुलूप लावू शकते. हाशिकॉर्पने हेच केलं. बाहेरच्या माणसाने त्यांच्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी घालायच्या तर आधी हक्कांच्या कागदावर सही करायची. ऑगस्ट 2023मध्ये कंपनीने परवाना आवळला. टेराफॉर्मवर धंदा चालवणाऱ्या कंपन्यांनी बोंब मारली आणि जुन्या कोडवरून ओपनटोफू काढलं. एप्रिल 2024मध्ये 640 कोटी डॉलर घेऊन हाशिकॉर्पच्या दारात उभं कोण? आपले आयबीएमच.

म्हणून मला विकत घेणाऱ्यांपेक्षा सही करणाऱ्यांचंच जास्त नवल वाटतं. लिनक्सचा गाभा कुणी विकत घेऊन दाखवावा! त्याचा कॉपीराइट हजारो लोकांत वाटलेला आहे, प्रत्येकाला गाठता गाठता आयबीएमची दुसरी शंभरी उलटेल. पोस्टग्रेस या डेटाबेसचंही तसंच. त्याच्यावर उभी असलेली निऑन ही कंपनी डेटाब्रिक्सने 2025मध्ये सुमारे 100 कोटी डॉलरला घेतली, पोस्टग्रेसच्या केसालाही धक्का लागला नाही.

तेव्हा रविवारची झोप मोडून एखाद्या प्रकल्पाला कोड देणाऱ्या मुलामुलींनो, तो सहीचा कागद आधी वाचा. आणि आणखी एक खबर हवी असेल तर ही घ्या: डिसेंबर 2025मध्ये आयबीएमने कॉन्फ्लुएंट ही काफ्का या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची कंपनी 1,100 कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. काफ्का मात्र अपाचे फाउंडेशनच्या नावावर आहे.