गंजाचे वैरी

मे महिन्यातला शेवटचा रविवार आला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पाय दिसू लागतात. पायांत रबरी स्लिपर, त्यावर गुडघ्यापर्यंतची रंगाचे डाग पडलेली विजार, आणि बाकीचा देह १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनीखाली. इमारतीतली लहान मुलं या काकांना चेहऱ्यापेक्षा टाचांवरून लवकर ओळखतात. पावसाळा तोंडावर आला की गावाकडे घरं शाकारतात, शहरात गच्चीला डांबर फासतात; काका गाडीच्या पोटाला काहीतरी फासतात. काय फासतात, ते मात्र दर वर्षी बदलतं.

मुंबईपासून रत्नागिरीपर्यंत, जिथे म्हणून खारं वारं पोचतं तिथे हे काका सापडतात. नोकरीतून निवृत्त, गाडी वडिलांच्या वेळची, गाडी चालवायची हौस बेताची. महिन्यातून एकदा नाक्यापर्यंत जाऊन हवा भरून आणायची, एवढाच तिचा प्रवास. काकांची खरी हौस वेगळी. लोखंडाला गंज चढतो हे त्यांना मान्य आहे, पण आपल्या लोखंडाला का चढावा, हे त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ही गाडी वालचंद हिराचंदांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, आणि आज तिचं मडगार्ड किंवा हबकॅप हवी असेल तर काका कुर्ल्याच्याच जुन्या स्पेअरच्या बाजारात जातात. म्हणजे सासर-माहेर आणि स्मशान, सगळं एका स्टेशनात उरकलेलं. पुण्याला कुणाकडे लग्न असलं तर ते बुधवार किंवा रविवार धरून जातात, कारण त्या दिवशी जुना बाजार भरतो. अक्षता पडेपर्यंत ते कार्यालयात असतात. जेवणाच्या पंगतीला येतात तेव्हा खिशात पिशवीत गुंडाळलेली दाराची कडी असते, आणि शेजारच्या पानावरच्या माणसाला ती उघडून दाखवली जाते.

त्यांच्यासमोर “काका, इथे जरा गंज आलाय” असं म्हणायची चूक नवखा माणूसच करतो.

“आलाय नव्हे. दिसायला लागलाय.”

यानंतर पाऊण तास कुठे जात नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो, आणि त्यात मीठ पडलं की कामाला जोर येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली आधी फोड येतो आणि तो फुटल्यावर खालचा तांबूस भुगा दिसतो. ॲल्युमिनिअमवरही असाच थर चढतो, पण तो घट्ट बसून आतल्या धातूचं रक्षण करतो. गंज मात्र भुसभुशीत, तो ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की ही प्रक्रिया जोर धरते, असं काका सांगतात. हे खरंच आहे. त्यासाठी त्यांनी गाडीत आर्द्रता मोजायचं घड्याळही टांगलंय. मुंबईत जुलैमध्ये ते कधी ६०च्या खाली उतरत नाही, पण काका रोज सकाळी दूध आणायला जाताना ते बघतात. बघून चेहरा पाडतात. मग दूध आणतात.

काकांच्या माळ्यावर काकूंच्या फराळाच्या डब्यांना जागा पुरत नाही, कारण तिथे गेल्या ३० वर्षांचे गंजप्रतिबंधक डबे आहेत. पहिला अर्थातच रेड ऑक्साइड. रेड ऑक्साइडची गंमत अशी, की त्यातला लाल रंग म्हणजे लोहाचंच ऑक्साइड. गंजाचा चुलतभाऊच म्हणा! गंजू नये म्हणून लोखंडाला गंजाच्या भावकीतलाच रंग द्यायचा, हे काकूंना आजवर कळलेलं नाही. त्याच्याही आधी, जगभरात पूल आणि जहाजं शेंदरानं रंगवत. शेंदूर हे शिशाचं ऑक्साइड, आणि लोखंडावर ते उत्तम काम करतं. विषारी म्हणून ते मागे पडलं. वडिलांनी गाडीच्या खालच्या बाजूला शेंदूर लावला होता, असं काका सांगतात. तेव्हापासून काकू गाडीला ‘मारुती’ म्हणतात, आणि पद्मिनीचा हा अपमान काका मुकाट गिळतात.

मग जस्ताचा रंग. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. काका म्हणतात, “एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं.” काका स्वतः धाकटे.

मग डब्ल्यूडी-४०. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून लोक खटपट करत होते; पाणी हटवणारं मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात साधलं, म्हणून नावात ४०. क्षेपणास्त्राला चाललं ते पद्मिनीला चालणारच, या हिशेबानं काकांनी एका पावसाळ्यात सहा डबे संपवले. त्याचा थर पातळ असतो, उघड्यावर फार दिवस टिकत नाही, हे त्यांना सप्टेंबरात कळलं. पुढच्या वर्षी लॅनोलिन. हे मेंढीच्या लोकरीतून निघणारं मेण. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे गाड्यांना लावतात आणि ते चांगलं टिकतं. काकांच्या पद्मिनीवरही टिकलं. फक्त उन्हात गाडी तापली की पार्किंगमध्ये धनगरवाड्याचा वास सुटे, आणि वॉचमन रात्री दोनदा उठून गेट लागलंय का ते बघे.

त्याच्या पुढच्या वर्षी कोकणातून काजूच्या टरफलाचं तेल आलं. होडीच्या लाकडाला ते लावतात आणि वर्षानुवर्षं लावत आलेत. बंपरच्या मागच्या बाजूला लावून झाल्यावर काकांच्या हाताची कातडी सोलली. ते तेल दाहक असतं, हे सांगायला गावातलं कुणी बरोबर आलं नव्हतं. बंपर मात्र शाबूत राहिला.

जळक्या ऑईलचं प्रकरण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत गेलं. पूर्वी सर्व्हिसिंगवाले गाडी धुऊन झाली की खालून ऑईल मारून द्यायचे, ते काकांनी घरच्या घरी केलं. चेसिसला किती लागलं कुणास ठाऊक, पण फरशीला भरपूर लागलं. सेक्रेटरींची स्कूटर त्यावरून घसरली. इतिवृत्तात ‘पार्किंगमध्ये तेलकट पदार्थ सांडू नयेत’ एवढीच ओळ आहे, पण पदार्थ म्हटल्यावर सगळ्यांनी काकांकडेच बघितलं होतं.

एकदा दिल्लीला भाच्याच्या मुंजीला गेले, तेव्हा बाकीचे कुतुबमिनार बघायला मान वर करून उभे होते आणि काका त्याच आवारातल्या लोहस्तंभाला डोळे लावून बसले होते. गुप्तकाळातला, सुमारे १६०० वर्षांचा, सात मीटर उंच, सहा टनांच्या वर वजनाचा खांब, आणि गंज असा नाहीच. आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कारण शोधलं: त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला. काका परत आले ते फॉस्फरिक ॲसिडचा डबा घेऊनच. गंजाचं फॉस्फेटमध्ये रूपांतर करणारी अशी द्रावणं बाजारात मिळतात. काहींमध्ये टॅनिक ॲसिड असतं, त्यानं तांबूस गंज निळसर काळा होतो. हिरडा आणि हिराकस घालून आजोबा शाई करायचे, तीच ही किमया. काका ब्रशनं तो काळा रंग पसरताना बघत राहतात. आजोबांच्या शाईनं रोजकीर्द लिहिली जायची, यानं गाडीचा चाकामागचा पत्रा लिहिला जातो.

इथवर काकांचं काही चुकत नाही. सांगितलेलं बहुतेक सगळं खरं आहे, प्रत्येक डबा आपापल्या जागी कामाचा आहे. चुकतं ते दुसरीकडे. काकांना लावायला आवडतं, खरवडायला आवडत नाही.

गंजाच्या कामात लावणं शेवटी येतं. आधी वायर ब्रश, मग खरखरीत पॉलिशपेपर, पत्रा धातूच्या रंगावर येईपर्यंत, मग पाण्याचा आणि ग्रीसचा अंश पुसून काढणं, मग पूर्ण वाळवणं. हे काम कंटाळवाणं आहे, दिसत नाही, त्याला वास नाही आणि त्याच्या डब्यावर क्षेपणास्त्राची गोष्ट नाही. काका दोन मिनिटं ब्रश फिरवतात, “मुख्य सैल गंज निघाला,” असं स्वतःशीच जाहीर करतात आणि झाकण उघडतात. डांबरी अंडरकोट असाच ओल्या, गंजक्या पत्र्यावर जाड थापला गेला. वरून सुंदर, काळाभोर, एकसारखा. आतली ओल आतच राहिली आणि त्या काळ्या चादरीखाली गंजानं निवांत काम केलं.

त्यात आणखी एक. दरवाज्याच्या तळाशी बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जावं, म्हणून मुद्दाम ठेवलेली. काकांनी ती “उघडी राहिलीत” म्हणून अंडरकोटनं बुजवली. त्यानंतरच्या श्रावणात ब्रेक लावला की दारातून चुळुक चुळुक आवाज येई. काकांनी दोन आठवडे शॉकअब्सॉर्बर तपासले.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये गेली. तिथला डेंटर फार बोलत नाही. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पत्र्याच्या उंबऱ्यावर हलकेच टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. त्यामुळे उंबरा सडला की फक्त पाय ओले होतात असं नाही. “कापायला लागेल, नवा पत्रा जोडतो,” डेंटर म्हणाला. काका पांढरेफटक पडले, आणि त्याचं कारण पैसे नव्हते.

कारण होतं नंबरप्लेट. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीला २० हजार रुपये. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापरात चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. दुसऱ्या कुणाला ही अट जाचक वाटेल. काका गेली कित्येक वर्षं ती विनासक्ती पाळत आलेत. प्रश्न एवढाच, की सहा इंच उंबरा बदलणं हा ‘मोठा फेरफार’ होतो का? यावर काकांनी डेंटरचं, सेक्रेटरींचं आणि एका निवृत्त तहसीलदारांचं मत घेतलं. तिघांनीही चहा घेतला.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या दिवशी काका पेपर घेऊन गाडीत जाऊन बसले होते. काकूंनी खाली पोळीभाजी पाठवली.

त्या पोळीचा तवा बिडाचा, काकूंच्या आईचा, ५० वर्षांहून जुना. काकू तो घासतात, गॅसवर ठेवून थेंबन्‌थेंब आटवतात आणि गरम असतानाच त्यावर तेलाचं बोट फिरवतात. ते तेल तापून पातळ कडक थर होतो. तव्याला गंज नाही. काकांनी एकदा तो भिंगातून पाहिला आणि “यात गुपित काय आहे?” असं विचारलं. काकू म्हणाल्या, “आधी नीट पुसते.”

यंदाही मे महिन्याच्या शेवटी पाय दिसतील. नवा डबा आलाय, कसला ते अजून कळलेलं नाही, पण माळ्यावरून शेवटचं फराळाचं घमेलं खाली उतरलंय. तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर त्यांच्याशी जरूर बोला, माहिती पक्की मिळेल. फक्त बोलताना गाडीला टेकू नका. तो डाग शर्टातून निघत नाही.