बर्फ चोळून मिटतात होय?

"सुमनवहिनी, कढीपत्ता हवाय ना? घ्या तोडून. आणि जरा अशा जवळ या. पलीकडच्या पिंकीला पाहिलंत आज?"

"कचऱ्याच्या गाडीपाशी दिसली. तोंड कसं लालबुंद! ऊन लागलंय का हो?"

"कसलं ऊन! लिंबू आणि खायचा सोडा. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं, नाकावरची छिद्रं आठवड्यात गायब."

"अगबाई! पुढच्या महिन्यात साखरपुडा ना तिचा?"

"म्हणून तर ही घाई. पार्लरवाली म्हणाली, ओपन पोअर्स झालेत. आधी वाफ देऊन उघडायचे, मग बर्फ चोळून मिटवायचे."

"बरोबरच आहे की. आपणही तेच करत आलो."

"करत आलो म्हणून खरं झालं होय? माझी भाची कातड्याची डॉक्टर, रविवारी आली होती. हसायलाच लागली. छिद्र उघडायला-मिटायला तिथे स्नायूच नसतो म्हणे. ते केसाच्या मुळाचं तोंड, आत तेलाची ग्रंथी. वाफेने आतला मेणचट मळ मऊ होतो. बर्फाने घटकाभर कातडी आक्रसते, फोटोपुरती. संपलं."

"मग मोठी का दिसतात?"

"ज्याचं तोंड तेलकट त्याची मोठी, आणि ते बरंचसं आईबापांकडून येतं. वय झालं की कातडीतलं कोलॅजन कमी होतं, काठ सैल पडतात. उन्हाने तेच लवकर होतं. आमच्या ह्यांचं नाक बघा."

"इश्श, मी कशाला बघू!"

"बघण्यासारखं नाहीच ते. जन्मभर स्कूटरवर उन्हातान्हात फिरले. दाढीनंतर तुरटी फिरवतात आणि म्हणतात, कातडी कशी आवळून बसली! तासाभरात होती तश्शी."

"मी आपली ते काळे ठिपके पिनेने काढते हो."

"नका बाई! ते सगळे ब्लॅकहेड्स नसतात. तेलाचा आणि मेलेल्या पेशींचा बारीक धागा प्रत्येकाच्या छिद्रात असतोच. पिळून काढलात तरी महिन्याभरात परत हजर. डाग मात्र राहतो."

"मुलतानी माती तरी चालेल ना?"

"तेल शोषते तेवढ्यापुरतं. तडकेपर्यंत ठेवू नका, झालं. लिंबाचं मात्र नाव नको. आपल्या कातडीचा पीएच 5 च्या आसपास, लिंबाचा 2 आणि सोड्याचा 8 च्या वर. कातडीने काय करायचं? आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर फोडसुद्धा येतात."

"म्हणजे काहीच उपाय नाही म्हणा."

"आहे, पण त्याला गंमत नाही. 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिड. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरतं. नायसिनमाइडने तेल जरा कमी होतं. आणि रात्री डॉक्टरांना विचारून ॲडापेलिन, अख्ख्या चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढं. आधी सालपटं निघतात, फरक दिसायला तीनेक महिने. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर ते अजिबात नाही. दिवसा एसपीएफ 30 चं सनस्क्रीन. तरी छिद्रं जात नाहीत हं, नुसती बारीक दिसतात."

"तीन महिने? साखरपुडा पुढच्या महिन्यात!"

"मग साखरपुड्याला पावडर! पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिच्या आईने मेडिकलमधून ट्यूब आणलीय. छिद्रंही जातील आणि गोरीही होईल म्हणे."

"स्टेरॉइडवाली?"

"तीच असणार. आधी चेहरा काचेसारखा होतो, सगळ्या बायका विचारतात काय लावतेस. मग कातडी पातळ, पुरळ, हनुवटीवर लव, आणि थांबवलं की आग आग. सरकारने 2018 मध्ये असली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. पण काउंटरवर चिठ्ठी मागतंय कोण?"

"तुम्हीच सांगा ना तिच्या आईला."

"माझं ती ऐकत नाही, हळदीकुंकवापासून फुगलीय. तुम्ही जा. म्हणावं, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही दिसलं, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडाला लावू नको. आणि पुष्कळ दिवस लावत असाल तर मनानेच एकदम बंदही करू नका, आधी दाखवून या."