थांबलेल्या खेळाचे काका

खेळ रंगात आला की काका जांभया देतात. चेंडू बाहेर गेला, कुणी लोळला, शिट्टी वाजली, की मात्र ताठ बसतात. नानाखेड्याच्या स्टेडियमकडून फेरफटका मारून परतताना, हातात शेवेची पुडी घेऊन, ते पोरांच्या मैदानाच्या कडेला टेकतात. शिंद्यांबरोबर उज्जैनला आलेलं घराणं. मराठीत रागावतात, हिंदीत भांडतात, नियम मात्र इंग्रजीत सांगतात. स्वतः चेंडूला शेवटचा पाय कधी लावला, हे त्यांच्या थोरल्या भावालाही आठवत नाही.

असा काका प्रत्येक मैदानाला एक असतोच. आमचा जरा जास्त आहे, एवढंच.

थ्रो-इन हा त्यांचा जीव की प्राण. "दोन्ही पाय जमिनीवर! रेषेवर किंवा रेषेबाहेर! चेंडू डोक्यामागून, डोक्यावरून!" पोरांची रेषा म्हणजे चार चपला. एकदा थ्रो-इनचा चेंडू कुणालाही न लागता सरळ गोलात गेला आणि पोरं नाचायला लागली. काकांनी नाच थांबवला. थ्रो-इनवरून थेट गोल होत नाही, समोरच्यांना गोल किक. नियम खराच आहे, म्हणून तर पोरं जास्त चिडली.

पुढे गोल किकनेच घात केला. चेंडू पेनल्टी एरियाबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू होत नाही, असं काका ठासून सांगत होते. कॉलेजातल्या एका पोराने फोन पुढे केला, "अंकल, 2019 से बदल गया." काका दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते जणू तो बदल यांनाच विचारून केला होता अशा थाटात.

येताना नवा माल आणला होता: ड्रॉप बॉल. पूर्वी रेफरीने चेंडू टाकला की दोन्हीकडचे त्यावर तुटून पडत. 2019 मध्ये ठरलं, मैदानाच्या मध्यात खेळ थांबला तर चेंडू एकाच खेळाडूसमोर टाकायचा, शेवटचा स्पर्श ज्या संघाचा त्याच्या. बाकीचे चार मीटर लांब. वापरायची संधी त्याच संध्याकाळी चालून आली. गाय मैदानात शिरली, चेंडू तिच्या पोटावर आपटून तिच्याच पायांत विसावला. काका उठले. आयुष्यभर ते याच क्षणाची वाट पाहत असावेत.

"शेवटचा स्पर्श कुणाचा?"

"गाय का," गोलकीपर म्हणाला.

काकांनी बराच विचार केला. तोवर गाईनेच खेळ सुरू करून दिला.

परवा त्यांच्या घरी गेलो. काकूंचा अबोला चालू होता. काका ओसरीवर, काकू स्वयंपाकघराच्या दारात. मध्ये अंतर चार मीटर भरेल. काकूंनी न बोलता चहाचा कप आणून आपटला आणि जागेवर परत गेल्या. काका कपाला हात घालायच्या आधी माझ्याकडे झुकले.

"घ्यायला हरकत नाही," ते कुजबुजले, "शेवटचा शब्द माझा होता."